डिस्ट फोल्डर काढून टाकला: नोडच्या टाइप स्ट्रिपिंगचा रिव्ह्यू, पॅकहाऊसच्या सर्व्हरवरून

आधी निकाल सांगते, कारणं मागून. टाइपस्क्रिप्ट म्हणजे टाइप्स (कुठलं मूल्य आकडा, कुठलं मजकूर याच्या नोंदी) जोडलेलं जावास्क्रिप्ट, नोड म्हणजे सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम, आणि बिल्ड म्हणजे टाइपस्क्रिप्टचं साध्या जावास्क्रिप्टमध्ये रूपांतर करायचा टप्पा. तुमचं टाइपस्क्रिप्ट फक्त सर्व्हरवर चालत असेल, नोडची आवृत्ती २२.१८ किंवा त्याच्या पुढची असेल आणि फ्रेमवर्क डेकोरेटरवर (क्लासवर ‘@’ लावून लिहायच्या खुणांवर) उभं नसेल, तर बिल्ड स्टेप काढून टाका. नोड आता ‘डॉट टीएस’ फाइल थेट चालवतो. मध्ये कंपायलर लागत नाही, त्याने तयार केलेल्या जेएस फाइलींचा डिस्ट फोल्डर लागत नाही, तयार कोडची ओळ मूळ कोडशी जुळवून देणारा सोर्स मॅपही लागत नाही. आम्ही गेल्या दिवाळीच्या आधी हा बदल केला आणि द्राक्षाचा अख्खा हंगाम त्याच्यावर काढला. नोड फुकट मिळतो, तेव्हा पैसे वसूल झाले का हा प्रश्न इथे नाही. पण आमच्या रोजच्या कामात इतका फरक कुठल्या विकतच्या टूलनेही पाडला नव्हता, म्हणून सविस्तर लिहितेय.

आमचं ऑफिस नाशिकच्या महात्मानगरला, गिऱ्हाईक मात्र शहराबाहेर. दिंडोरी, पिंपळगाव बसवंत, ओझर या पट्ट्यातली द्राक्षाची पॅकहाऊसेस. काम ऐकायला साधं वाटतं. बागेतून क्रेट आले की वजन घ्यायचं, लॉट तयार करायचा, पनेट (द्राक्षाचे छोटे डबे) भरून बॉक्स झाला की पुन्हा वजन आणि त्यावर लेबल. युरोपला जाणाऱ्या द्राक्षासाठी अपेडा या सरकारी निर्यात संस्थेच्या ग्रेपनेट नावाच्या ऑनलाइन यंत्रणेतून प्लॉटपर्यंत माग काढता यावा लागतो, त्यामुळे बॉक्सवरचं लेबल ही शोभेची गोष्ट नसते. लेबल नाही तर बॉक्स पुढे सरकत नाही. जानेवारी ते एप्रिल पॅकहाऊस रात्री उशिरापर्यंत जागं असतं आणि कंटेनरला न्हावा शेवा गाठायचं असतं. आमचा प्रोग्राम तिथल्याच एका छोट्या पीसीवर चालतो. एका बाजूला काट्याची सिरीयल केबल, दुसऱ्या बाजूला लेबल प्रिंटर. क्लाउडवर ठेवला नाही, कारण तिकडे लाइट आणि नेट दोन्हीचा भरवसा नाही आणि नेट गेलं म्हणून काटा थांबून चालत नाही.

म्हणजे आमचा कोड अडतो तिथे मी नसते. तिथे सुपरवायझर असतो, त्याच्यामागे भरलेले बॉक्स असतात, आणि त्याला स्क्रीनवर जे दिसतं तेच तो मला फोनवर वाचून दाखवू शकतो. मला डेव्हलपर टूल तोलायचं ते याच तराजूत: एररचा मजकूर वाचून मला घरबसल्या नेमकी ओळ सापडते की नाही.

हा प्रोजेक्ट आमच्याकडे आला तो दुसऱ्या एका एजन्सीकडून. त्यांची टीएसकॉन्फिग, म्हणजे टाइपस्क्रिप्टच्या सेटिंगची फाइल, उघडली तर टार्गेटमध्ये (कोड जावास्क्रिप्टच्या कुठल्या आवृत्तीत उतरवायचा तिथे) ईएस-५. ईएस-५ हे जावास्क्रिप्टचं २००९ सालचं स्टँडर्ड. टीएससीची, म्हणजे टाइपस्क्रिप्टच्या कंपायलरची, इनिट कमांड काही वर्षांपूर्वीपर्यंत हेच टार्गेट आपोआप लिहून द्यायची, आणि एकदा लिहिलेली ती फाइल पुन्हा कोणी उघडत नाही. खुद्द नोडने क्लास आवृत्ती ६मध्येच नीट पचवले होते. असिंक-अवेट (एखादं काम पूर्ण होईपर्यंत फंक्शनला थांबवायची रचना) ७.६पासून, म्हणजे फेब्रुवारी २०१७पासून, काही फ्लॅग (कमांडसोबतचा जादा पर्याय) न देता चालतं. ऑप्शनल चेनिंग १४मध्ये आलं. तरी आमचा बिल्ड हे सगळं इमानेइतबारे मोडायचा, २००९च्या भाषेत पुन्हा लिहायचा, आणि ते लिहिलेलं नोड २२वर चालायचं. सर्व्हरवर अनोळखी ब्राउझर येत नाही. तिथे नोडची एकच आवृत्ती असते आणि ती कुठली हे आपणच ठरवलेलं असतं. मग जुन्यात जुन्या इंजिनसाठी कोड का पाडायचा?

ट्रान्सपाईल करणं, म्हणजे नवा कोड असा जुन्या रूपात बदलणं, मुळात चुकीचं होतं असं मी म्हणत नाही. २०१४मध्ये हेच काम करणारं बेबल हे टूल ‘सिक्स-टू-फाइव्ह’ या नावाने आलं, तेव्हा ईएस-६चं स्टँडर्ड अजून मंजूर व्हायचं होतं. ते जून २०१५मध्ये झालं. नवी भाषा लिहायची आणि जुन्या ब्राउझरवर चालवायची, याला दुसरा रस्ताच नव्हता. इंटरनेट एक्स्प्लोरर ११ मायक्रोसॉफ्टने १५ जून २०२२ला बंद केला, तोवर ब्राउझरवाल्यांना हे ओझं वाहणं भाग होतं. सर्व्हरवर ती गरज त्याच्या बरीच आधी संपत आली होती, पण बिल्ड स्क्रिप्ट तशीच राहिली. प्रोजेक्टमागून प्रोजेक्ट कॉपी होत गेली. आजही कॉलेज रोडवरच्या क्लासमधून शिकून आलेली मुलं इंटरव्ह्यूला बसतात, तेव्हा ‘बिल्डशिवाय टाइपस्क्रिप्ट चालतच नाही’ हे ठामपणे सांगतात. त्यांचा दोष नाही, त्यांना तेच शिकवलं गेलंय.

आता मूळ मुद्द्यावर येते. टार्गेट वर नेलं की बाकीचं रूपांतर संपतं, उरतात फक्त टाइप्स. टाइप्स जावास्क्रिप्टला कळत नाहीत, म्हणून ते कुणीतरी पुसावे लागतात. नोडने ते काम स्वतःकडे घेतलं. ऑगस्ट २०२४मध्ये २२.६ आलं तेव्हा त्यासाठी ‘एक्सपेरिमेंटल-स्ट्रिप-टाइप्स’ असा फ्लॅग द्यावा लागायचा. जानेवारी २०२५मध्ये २३.६पासून फ्लॅगची गरज संपली. आणि जुलै २०२५च्या शेवटी तेच २२.१८मध्ये, म्हणजे दीर्घकाळ सांभाळल्या जाणाऱ्या आवृत्तीत आलं. आम्ही थांबलो होतो ते याच्यासाठी. पॅकहाऊसच्या पीसीवर मी विषम आकड्याची नोड आवृत्ती चढवत नाही. आत काम करतं ते ‘अमारो’ नावाचं छोटं पॅकेज, त्याच्या पोटात रस्ट भाषेत लिहिलेल्या एसडब्ल्यूसी या कंपायलरचा वेबअसेंब्ली अवतार. ते नोडबरोबरच येतं, वेगळं इन्स्टॉल करावं लागत नाही. टाइपस्क्रिप्टचं पॅकेज उघडल्यावर वीस एमबीच्या वर जातं आणि ते आता पॅकहाऊसच्या पीसीवर उतरतच नाही. दिंडोरीच्या पुढे मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून अपडेट करणाऱ्यालाच याची किंमत कळेल.

पुसण्याची पद्धत मला सगळ्यात जास्त आवडली, त्यामुळे इथे जरा थांबते. समजा ओळ अशी आहे:

कॉन्स्ट वजन: नंबर = ४.९८;

नोड ती चालवण्याआधी अशी करतो:

कॉन्स्ट वजन        = ४.९८;

कोलनपासून ‘नंबर’च्या शेवटच्या अक्षरापर्यंत, इंग्रजी कोडात आठ अक्षरं होतात. ती आठ गेली आणि त्यांच्या जागी मोजून आठ स्पेस बसल्या. पुढचं बरोबरचं चिन्ह जिथे होतं तिथेच. दहा ओळींचा इंटरफेस असेल तर तिथे दहा रिकाम्या ओळी राहतात, खालचा कोड वर सरकत नाही. ओळीचा नंबर तोच, कॉलमही तोच. म्हणून सोर्स मॅप नावाचा प्रकारच लागत नाही: जे मी लिहिलं आणि जे चाललं, त्यांचा नकाशा जुळवायची वेळ येत नाही. टूलने कमीत कमी हात लावायचा हे इतक्या काटेकोरपणे पाळलेलं मी फार कमी ठिकाणी पाहिलंय.

याचा उपयोग फेब्रुवारीत झाला. पिंपळगावच्या बाजूच्या पॅकहाऊसमधून रात्री फोन आला. “ताई, लेबल निघंना. काटा आकडा दाखवतोय, पण कागदच येईना.” त्या दिवशी त्यांनी जुना काटा दुरुस्तीला पाठवून दुसरा आणून लावला होता. मी म्हटलं, “दादा, काळ्या खिडकीत शेवटी लाल अक्षरात काय आलंय तेवढं वाचा.” त्यांनी वाचलं, “लेबल, टिंब, टीएस, मग दोन टिंबं, सत्याऐंशी.” मी लॅपटॉपवर तीच फाइल उघडली, ८७वी ओळ. तिथे काट्याकडून आलेल्या मजकुरातून वजन वेगळं काढायचा पॅटर्न होता. काटा एका ओळीत आधी स्थिर की हलतंय याची खूण पाठवतो, मग ढोबळ की निव्वळ, मग अधिक-उणे, आकडा आणि शेवटी केजी. जुन्या काट्यात आकडा आणि केजी चिकटून यायचे, या काट्यात मध्ये एक स्पेस होती. पॅटर्न जुळला नाही, वजन सापडलं नाही, लेबल थांबलं. रिमोटवरून त्या पीसीवर गेले, त्याच फाइलमधल्या त्याच ओळीत ती स्पेस चालेल असा बदल केला, सर्व्हिस पुन्हा उठवली. लेबल सुरू. घरी बसून तोच बदल गिटमध्ये टाकला, म्हणजे पुढच्या अपडेटला तो पुसला जाणार नाही.

पूर्वीच्या रचनेत हेच कसं झालं असतं? स्क्रीनवर आली असती डिस्टमधल्या जेएस फाइलची ओळ, जी माझ्या टीएस फाइलशी जुळत नाही. सोर्स मॅप असता तरी नोडला ‘इनेबल-सोर्स-मॅप्स’ हा फ्लॅग दिलेला असेल तरच तो कामाला येतो, आणि त्या एजन्सीने सोर्स मॅप पाठवलेच नव्हते. नेमकी जागा शोधायची, इथे दुरुस्ती करायची, बिल्ड मारायचा, डिस्ट पॅक करून तिकडे पाठवायचा, तोवर नेट टिकेल अशी आशा करायची. पीसीवर टीएस फाइल नाही, म्हणजे तिथल्या तिथे दुरुस्तीचा रस्ताच बंद. चालू मशीनवर कोडला हात लावणं ही रोजची पद्धत असू नये, हे मलाही मान्य आहे. पण कंटेनर दारात उभा असताना तो रस्ता खुला असणं वेगळंच बळ देतं.

अजून एक फायदा, ज्याची चर्चा कमी होते. असिंक-अवेट मूळ स्वरूपात चाललं की एररच्या माहितीत आधीच्या फंक्शनांची साखळी नीट दिसते. व्हीएटने, म्हणजे नोडच्या आतल्या जावास्क्रिप्ट इंजिनने, २०१९च्या सुमारास ही सोय केली आणि नोड १२पासून ती आपोआप मिळते. कुठल्या फंक्शनने कुणाला अवेट केलं होतं ते ‘ॲट असिंक’ असं लिहून एकाखाली एक येतं. पण ही सोय फक्त खऱ्या अवेटसाठी आहे. ईएस-५ टार्गेट दिलं की टीएससी अवेटची मोडतोड करून त्याचं स्विच-केसचं यंत्र बनवतो, अवेटर आणि जनरेटर अशा दोन मदतनीस फंक्शनांसकट. मग एररमध्ये काय दिसतं? ‘स्टेप’, ‘ऑब्जेक्ट डॉट नेक्स्ट’, ‘फुलफिल्ड’. प्रत्येक वेळी तेच तीन शब्द. आपलं एकही फंक्शन त्यात नाही. कोणत्या लॉटवर, कोणत्या टप्प्यावर अडलं याचा पत्ता नाही. आमच्या जुन्या लॉग फाइली अशा ओळींनी भरलेल्या आहेत. टार्गेट बदलल्यावर पहिल्यांदा जेव्हा ‘ॲट असिंक बॉक्सवजनघ्या, ॲट असिंक लॉटबंदकरा’ अशी साखळी दिसली, तेव्हा आमच्या ज्युनिअरने खुर्ची वळवून विचारलं, “ताई, हे आधीपासून असं का नव्हतं?” उत्तर एका ओळीच्या सेटिंगमध्ये होतं.

आता किंमत. हे सगळं फुकटात पडत नाही आणि बदल करताना काही ठिकाणी बराच वेळ जातो.

पुसता येतात ते टाइप्स; ज्यातून खरा कोड तयार व्हावा लागतो ती टाइपस्क्रिप्टची वाक्यरचना पुसता येत नाही. एनम, म्हणजे ठरावीक पर्यायांची नाव दिलेली यादी, हे पहिलं. आमच्याकडे द्राक्षाच्या जाती, बॉक्सची स्थिती, काट्याची अवस्था, सगळीकडे एनम. नोड स्पष्ट सांगतो की स्ट्रिप-ओन्ली मोडमध्ये एनम चालत नाही, आणि तिथेच थांबतो. ते सगळे साध्या ऑब्जेक्टमध्ये बदलून पुढे ‘ॲज कॉन्स्ट’ लावलं. दुसरं, कन्स्ट्रक्टरच्या कंसातच ‘प्रायव्हेट’ लिहून फील्ड तयार करायची सवय. ती सोडावी लागली. फील्ड वर लिहायचं, आत नेमून द्यायचं. दोन ओळी जास्त लागतात, वाचायला उलट बरं पडतं. नेमस्पेसमध्ये चालणारा कोड असेल तर तोही हलवावा लागतो. यातलं काहीही चालवून बघत शोधायची गरज नाही. टाइपस्क्रिप्ट ५.८मध्ये, २०२५च्या सुरुवातीला, ‘इरेझेबल-सिंटॅक्स-ओन्ली’ असं सेटिंग आलं. ते चालू केलं की एडिटर प्रत्येक न पुसता येणारी जागा लाल रेघेने दाखवतो. नोडची आवृत्ती बदलायच्या आधीच हे चालू करा, रेघा संपवा, मग उडी मारा. नोड २२मध्ये ‘एक्सपेरिमेंटल-ट्रान्सफॉर्म-टाइप्स’ हा फ्लॅग देऊन एनम चालवता येतात, पण मग पुन्हा कोडचं रूपांतर आलं आणि त्यामागून सोर्स मॅप आले. ज्याच्यासाठी हा खटाटोप केला तेच हातातून जातं. मी तो वापरणार नाही.

इम्पोर्टमध्ये फाइलचं एक्स्टेन्शन पूर्ण लिहावं लागतं, ‘डॉट टीएस’सकट. नोड अंदाज लावत बसत नाही. यासाठी टीएसकॉन्फिगमध्ये परवानगीचं सेटिंग आहे. फक्त टाइप आणत असाल तर ‘इम्पोर्ट टाइप’ असं लिहायला हवं, नाहीतर नोड तो टाइप खरोखर शोधायला जातो आणि ‘या मॉड्यूलमध्ये असं काही एक्स्पोर्ट नाही’ म्हणून सर्व्हर चालूच होत नाही. ‘व्हर्बेटिम-मॉड्यूल-सिंटॅक्स’ चालू ठेवलं की हेही एडिटरमध्येच पकडलं जातं. टीएसकॉन्फिग नोड वाचतच नाही, त्यामुळे तिथे केलेली पाथची टोपणनावं चालत नाहीत. त्याऐवजी पॅकेज डॉट जेसनमधलं ‘इम्पोर्ट्स’ वापरलं, हॅशने सुरू होणारी नावं. ते नोडचं स्वतःचं आहे, कुठल्याही टूलवर अवलंबून नाही, आणि माझ्या मते आधीपासून तेच वापरायला हवं असं आहे. नोड-मॉड्यूल्सच्या, म्हणजे इन्स्टॉल केलेल्या पॅकेजेसच्या फोल्डरच्या, आत असलेली टीएस फाइल नोड मुद्दाम चालवत नाही, म्हणजे लोकांनी कच्चं टाइपस्क्रिप्ट एनपीएमवर (पॅकेजेसच्या सार्वजनिक साठ्यावर) टाकू नये. आमचं सामायिक पॅकेज वर्कस्पेसमधून जोडलेलं आहे, त्याची खरी जागा बाहेर असते, म्हणून ते चालतं.

सगळ्यात महत्त्वाचा इशारा वेगळ्या परिच्छेदात. नोड टाइप पुसतो, तपासत नाही. चुकीचा टाइप असलेला कोडही गुमान चालतो. काट्याकडून आलेलं वजन हे मजकूर म्हणून येतं. ते आकड्यात न बदलता त्यात रिकाम्या बॉक्सचे ०.३ मिळवायला गेलात, तर ४.९८ आणि ०.३ यांची बेरीज होत नाही. दोन्ही शेजारी चिकटून ‘४.९८०.३’ असा मजकूर तयार होतो आणि तो लेबलवर छापला जातो. हे पकडायला टाइपस्क्रिप्टच लागतं. म्हणून बिल्ड काढला तरी तपासणी काढायची नाही. ‘टीएससी नो-एमिट’ ही कमांड आमच्याकडे कमिटच्या आधी आणि पुन्हा गिटच्या सर्व्हरवर चालते, आणि ती लाल असेल तर रिलीज निघत नाही. पूर्वी बिल्ड आणि तपासणी एकाच गाठोड्यात होती, बिल्ड झाला म्हणजे तपासलं गेलं असं आपण धरून चालायचो. आता तपासणी स्वतंत्र आहे आणि तिची जबाबदारी टीमची आहे. जी टीम ही शिस्त पाळणार नाही, तिने डिस्ट फोल्डर ठेवलेला बरा.

बाकीची साफसफाई पटापट झाली. फाइल बदलली की प्रोग्राम पुन्हा उठवणारा नोडेमॉन गेला, कारण नोडचा स्वतःचा ‘वॉच’ आता पक्का आहे. टाइपस्क्रिप्ट चालवायला लागणारा टीएस-नोड गेला. टेस्टसाठी जेस्ट आणि त्याच्या पोटातलं बेबल होतं, तेही काढलं. नोडचा टेस्ट रनर आवृत्ती २०पासून स्थिर आहे आणि टीएस टेस्ट फाइली स्वतः उचलतो. मॉड्यूल मॉक करायची (टेस्टपुरतं खोटं मॉड्यूल बसवायची) सोय मात्र जेस्टइतकी मुरलेली वाटत नाही, तिथे आम्हाला काही टेस्ट वेगळ्या पद्धतीने लिहाव्या लागल्या. ज्यांचा डोलारा जेस्टच्या मॉकवर उभा आहे त्यांनी टेस्टला हात लावायची घाई करू नये.

ब्राउझरच्या बाजूला हा सल्ला जसाच्या तसा लागू नाही. शेतकरी आपलं पेमेंट फोनवर बघतात, ते पान रिॲक्ट या ब्राउझरच्या लायब्ररीत आहे. ‘टीएसएक्स’ फाइल नोड चालवत नाही, आणि ब्राउझरसाठी सगळ्या फाइली एकत्र बांधून बंडल करावंच लागतं. तिथे आम्ही व्हीट हे बंडल करणारं टूल वापरतो आणि फक्त टार्गेट वर नेलं. व्हीट ७ने आपलं मूळ टार्गेट क्रोम ८७ आणि सफारी १४वरून क्रोम १०७ आणि सफारी १६वर आणलंय. त्याचा आधार ‘बेसलाइन वाइडली अव्हेलेबल’ ही कसोटी, म्हणजे सगळ्या मुख्य ब्राउझरमध्ये येऊन ३० महिने उलटलेल्या गोष्टी. आमच्या लॉगमध्ये आलेले ब्राउझर पाहिले तर जवळपास सगळे अँड्रॉइडवरचे अलीकडचे क्रोम. निफाडच्या शेतकऱ्याचा फोन जुना असला तरी त्यावरचा क्रोम प्ले स्टोअरवरून स्वतः अपडेट होत राहतो. मग जुन्या ब्राउझरसाठी वेगळं बंडल बनवणारं लेगसी प्लगइन काढलं, आणि दोन-दोन बंडल तयार करणं थांबलं. तुमचं गिऱ्हाईक वेगळं असेल, तेव्हा लॉग बघितल्याशिवाय हे करू नका.

आमच्या ओळखीचे एक अनुभवी गृहस्थ आहेत, अंबडच्या एका कारखान्याचं सॉफ्टवेअर बघतात. त्यांचा आक्षेप असा की डिस्ट फोल्डरने कुणाचं काय बिघडलं, चालतंय ते चालू द्यावं. त्यांचा प्रोग्राम ज्या मशीनवर चालतो ती त्यांच्या टेबलापासून हाकेच्या अंतरावर आहे, त्यामुळे त्यांच्यापुरतं ते बरोबर असेल. मला मात्र वाटतं की मधला प्रत्येक टप्पा ही बिघाडाची एक जागा असते, आणि जो टप्पा काही देत नाही तो ठेवायला कारण हवं. काढायला कारण शोधत बसू नये. बिल्ड विसरून जुनाच डिस्ट पाठवला गेला, स्क्रीनवर एक कोड आणि मशीनवर दुसरा, हे प्रकार आमच्या शहरातल्या कितीतरी छोट्या टीमना ओळखीचे असतील. तो पूर्ण वर्गच आता आमच्याकडे उरलेला नाही.

कुठे वापरू नये तेही सांगते. आमची शेतकऱ्यांच्या हिशोबाची सर्व्हिस नेस्ट या फ्रेमवर्कमध्ये आहे आणि ती अजून बिल्डवरच आहे. नेस्टला डेकोरेटर लागतात, जे अजून जावास्क्रिप्टमध्ये आलेले नाहीत, म्हणून नोड ते वाचूच शकत नाही. शिवाय कन्स्ट्रक्टरमध्ये कोणती सर्व्हिस द्यायची हे नेस्ट टाइपवरूनच ओळखतं. टीएससी ती माहिती बिल्डच्या वेळी कोडमध्ये लिहून ठेवतो. टाइप पुसले की ती माहितीच जाते. टाइपओआरएम या डेटाबेसशी जोडणाऱ्या लायब्ररीची गतही तशीच. तिथे आम्ही एवढंच केलं की टार्गेट ईएस-५वरून ईएस-२०२२ केलं आणि सोर्स मॅप चालू केले. तेवढ्यानेही ‘ॲट असिंक’ची साखळी परत मिळाली. म्हणजे बिल्ड काढणं जमत नसेल तर निदान ही एक ओळ आजच बदला. आणि सारख्या नव्याने उठणाऱ्या सर्व्हरलेस फंक्शनसाठी मी आधीच बंडल केलेली एक जेएस फाइलच पाठवेन, कारण टाइप पुसायचा वेळ दर वेळी नव्याने द्यायला नको. पॅकहाऊसचा सर्व्हर एकदा उठला की हंगामभर चालतो, तिथे तो वेळ कुणाच्या लक्षातही येत नाही.

बदल करणार असाल तर सुरुवात मशीनवर जाऊन ‘नोड, दोन डॅश, व्हर्शन’ विचारण्यापासून करा. २२.१७ आणि २२.१८ दिसायला शेजारी आहेत, पण आधीच्या आवृत्तीत फ्लॅगशिवाय टीएस फाइल दिली तर ‘अनोळखी फाइल एक्स्टेन्शन’ म्हणून प्रोग्राम उठतच नाही. आम्ही पॅकेज डॉट जेसनच्या ‘इंजिन्स’मध्ये किमान २२.१८ लिहून ठेवलंय आणि इन्स्टॉल करताना आवृत्ती जुळली नाही तर तिथेच थांबेल असं सेटिंग केलंय. हंगाम सुरू व्हायच्या आधी, डिसेंबरमध्ये प्रत्येक पॅकहाऊसचा पीसी तपासून घेतला, तेव्हा त्यातले काही अजून १८वर होते.